परवानगी नाल्यापर्यंतची होती

जंगल बघायला जायचंय म्हटलं की आमच्या परभणीकडं लोक आधी विचारतात, तिथं कोणता देव आहे? देव नाही, नुसतं रान बघायचंय, असं सांगितलं की समोरचा माणूस आपल्याकडं जरा काळजीनं पाहतो. माझ्या सासूबाईंनीही तसंच पाहिलं. "रान बघायला पैशे खर्चून कशाला जायला पाह्यजे? वालूरच्या भायेर पडलं की रानच हाय," त्या म्हणाल्या.

मी वालूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझी मैत्रीण नसीम पाथरीला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कारकून आहे. परभणीला डी.एड. करताना आम्ही एका खोलीत राहायचो. तेव्हापासून कुठंतरी दोघींनीच जायचं ठरवत होतो आणि दर वर्षी कुणाचं तरी लग्न, बाळंतपण नाहीतर निवडणुकीची ड्यूटी आडवी येत होती. यंदा दोघींनी पंचेचाळिशी गाठली. नसीम फोनवर म्हणाली, "संघा, आता न्हाई गेलो तर गुडघे जाऊ देणार न्हाईत."

जायचं ठरलं ते जिंतूरच्या पुढं, येलदरी धरणाचं पाणी जिथवर फुगतं त्या बाजूच्या राखीव जंगलात. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

बेत आखणं हा माझा आवडता उद्योग. शाळेच्या सहलीचं काम मुख्याध्यापक माझ्याच गळ्यात घालतात ते उगीच नाही. मी वही केली. एसटीच्या वेळा, पुढं जीप कुठून मिळते, माणशी चार लिटर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, शिट्टी, पट्ट्या, जाड मोजे. फोनवर उपग्रहाचा नकाशा मोठा करून मी पायवाट शोधली. वनविभागाची चौकी, तिथून सागाचं रान, मग एक कोरडा नाला, नाल्यापलीकडं गवताचा चढ आणि चढाच्या माथ्यावरून खाली पसरलेलं निळं पाणी. ते पाणी बघायलाच तर जायचं होतं.

परवानगीसाठी फोन केला तेव्हा वनविभागातले कारकून म्हणाले, "मॅडम, मार्चमध्ये फक्त नाल्यापर्यंत. पलीकडं गवत वाळलेलं असतं, आगीचा धोका असतो."

मी अर्जात लिहिलं, 'नाल्यापर्यंत'. नसीमला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मग माथ्यावर कसं जाणार?"

"जाऊ की. नाल्यापासून चाळीस मिनिटं आहेत."

"अर्जात खरं लिही ना मग."

"खरं लिहिलं तर परवानगी मिळणार नाही."

ती म्हणाली, "शाळेत पोरींना हेच शिकवती का गं?" मी हसण्यावारी नेलं.

निघायच्या आदल्या दिवशी घरी फ्रिजवर कागद चिकटवला. कुठं जाणार, कोणत्या वाटेनं, किती वाजता परत. तो कागद मी अर्जावरूनच उतरवला. पलीकडचं लिहिलं असतं तर नवऱ्यानं विचारलं असतं आणि उत्तर द्यावं लागलं असतं.

चौकी

सेलूहून जिंतूर, जिंतूरहून जीप. जीपमध्ये आमच्या पायाशी सरकीच्या पेंडीची पोती होती. त्या वासात नसीमला मळमळलं आणि तिनं उरलेली वाट लिंबू हुंगत काढली. बाकी प्रवासात सांगण्यासारखं काही नाही.

चौकीवर एक वनरक्षक होते, तिशीचे, सडपातळ, बोलायला नरम. त्यांनी परवानगीचा कागद दोनदा वाचला. आमच्या पिशवीत चहासाठी आणलेला छोटा गॅसचा स्टोव्ह पाहिला आणि म्हणाले, "हा इथंच ठेवा, मॅडम. मागच्या हप्त्यात दोन ठिकाणी पेटलं होतं. रात रात झोपलो न्हाई आमी."

आम्ही स्टोव्ह ठेवला. "नाल्यापाशी बोर्ड हाय. तिथून माघारी फिरा," ते म्हणाले. मी हो म्हटलं. नसीमनं माझ्याकडं पाहिलं नाही.

संध्याकाळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. अंगणातल्या मोहाखाली बसून त्यांनी आम्हाला रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, आणि मोरांचे किस्से सांगितले. इतकं मोकळं बोलणाऱ्या माणसाशी आपण खोटं बोललोय, हे मला टोचत होतं. पण टोचलं म्हणून बेत बदलला असं काही मी केलं नाही.

नाल्यापलीकडं

सकाळी साडेसहाला निघालो. सागाची पानं गळून वाटेवर ढीग झाला होता. पाऊल टाकलं की पापड मोडावा तसा आवाज. मध्येच एखादा पळस, अंगावर एक पान नाही आणि फुलांनी पेटलेला. दोन रोही आमच्याकडं बघत उभे राहिले आणि घोड्यासारखे उधळत गेले. नसीम इतकी खूश होती की तिनं गुडघ्याचं नावही काढलं नाही.

सव्वाआठला नाला आला. पात्र कोरडं, गुडघाभर पालापाचोळ्यानं भरलेलं. काठावर पिवळा बोर्ड होता. आम्ही दोघी त्याच्यासमोर उभ्या राहिलो.

"वाचलंस?" नसीम म्हणाली.

"वाचलं."

"मी तुझ्या मागं येणार. पण मला पटलं न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

मी उतरले. ती मागून उतरली.

पलीकडचा चढ नकाशात पिवळा दिसत होता. प्रत्यक्षात ते कमरेएवढं वाळलेलं कुसळी गवत होतं. कुसळं मोज्यांतून आत शिरत होती. वीस मिनिटं चढलो असू, तेवढ्यात कुत्रं भुंकलं आणि डावीकडून बाईचा आवाज आला, "आवो, तिकडं कुठं जायलाव?"

चढाच्या डाव्या अंगाला जंगलाची हद्द संपत होती आणि गावचं गायरान सुरू होत होतं. तो माळ मेंढरांनी चरून चरून पार उघडा केलेला, मध्ये काळा खडक. त्या खडकावर एक पन्नाशीची बाई काठी घेऊन उभी होती. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिचं नाव गिरजाबाई. साठेक मेंढरं होती. नवरा मेंढरांची औषधं आणायला जिंतूरला गेला होता, म्हणून ती एकटीच होती.

आम्ही तिच्याकडं वळलो. आमच्याकडं कुणी आलं तर आधी पाणी देतात, मग घरच्यांची विचारपूस होते. गिरजाबाईंनी विचारलं, "घरी जनावरं किती हायेत?" मी म्हटलं, एकही नाही. त्यांना माझी कीव आली असावी. पण नसीम जनावरांच्या दवाखान्यात असते हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी एक लंगडणारी मेंढी ओढत आणली. नसीम कारकून आहे, डॉक्टर नाही, पण वीस वर्षं दवाखान्यात बसून तिला खुराचं दुखणं ओळखता येतं. तिनं आमच्या पाण्यानं खूर धुतला, पट्टी बांधली आणि कोणतं औषध मागायचं ते सांगितलं.

मग गिरजाबाईंनी फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, कांदा. "च्या न्हाई पाजता येत," त्या म्हणाल्या. "ह्या दिसांत आमी रानात काडी लावत न्हाई." तिघी खडकावर बसून जेवलो. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या दोघी माझ्यावर हसत होत्या.

हसता हसता गिरजाबाई थांबल्या. नाक वर करून त्यांनी वास घेतला.

उजवीकडं, नाल्याच्या खालच्या अंगाला, जिथं जंगल संपून शेतं लागतात तिथून, धुराची एक दोरी वर जात होती. पातळ, पांढरी. मी घड्याळ पाहिलं. साडेनऊ.

"लांब आहे," मी म्हटलं.

"वारं इकडंच हाय," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मेंढरांतली निम्मी माळावर होती, निम्मी सावलीसाठी चढावरच्या गवतात शिरली होती. त्या हुर्रर्र करत धावल्या. मी वही काढली. खरंच काढली. वहीत परतीची वाट लिहिली होती. मी नसीमला म्हटलं, "आत्ताच निघू. खाली नाला, वीस मिनिटं, मग सागाच्या रानातून चौकी."

तेवढ्या वेळात दोरीची भिंत झाली होती. पांढरा धूर तळाशी तपकिरी झाला आणि आवाज येऊ लागला, दूरवर कुणी बांबू फोडत असावं तसा. नसीमनं माझं मनगट धरलं. ती घाबरली की दखनीत बोलते. "संघा, मेरेकू नीचे नै जाना. ऊपर चल."

ती चढाकडं ओढत होती, मी नाल्याकडं. दोघी गवतात पाचसात पावलं गेलोही.

"आवो बाई!" गिरजाबाई ओरडल्या. "खाली जाऊ नका, नाल्यात पाला हाय, नाला धरूनच येती ती. आन् वर तर जाऊच नका. आग वर पळती, मान्सापरीस जोरात. इकडं या, खडकावर!"

आग चढावर वेगानं जाते हे मी दर वर्षी आठवीला शिकवते. ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवतात, फळ्यावर आकृती काढते. त्या क्षणी त्यातलं मला काही आठवलं नव्हतं. मला फक्त वहीतली वाट दिसत होती. आणि दुसरं एक दिसलं, फ्रिजवरचा कागद. आमचं काही झालं तर माझा नवरा, ते वनरक्षक, सगळे आम्हाला नाल्याच्या अलीकडं शोधतील. पलीकडं शोधायचं कुणाच्या मनातही येणार नाही. मीच तशी सोय केली होती.

आम्ही माळाकडं पळालो.

माळावर पोचल्यावर कळलं, सुटका झालेली नाही. माळ रुंद नव्हता. कडेनं खुरटं गवत होतंच. गिरजाबाईंनी खडकाआडच्या कडुलिंबाच्या दोन हिरव्या फांद्या मोडून आमच्या हातात दिल्या. "कडंला ठिणगी पडली की झोडपा. उभं ऱ्हावून बघत बसू नका." नसीमनं ओढणी भिजवून फाडली, तिघींनी तोंडाला बांधली. उरलेलं पाणी लहान कोकरांच्या अंगावर ओतलं. मेंढरं खडकावर एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली. पण गवतात शिरलेल्यांपैकी सगळी आली नव्हती. गिरजाबाई दोनदा पळत गेल्या आणि दोनदा धुरानं मागं आल्या. तिसऱ्यांदा निघाल्या तेव्हा मी त्यांना कमरेला मिठी मारून धरलं. त्यांनी माझ्या हातावर काठी हाणली. मी सोडलं नाही.

मग आग आमच्या शेजारून गेली. सिनेमातल्यासारखी उंच नव्हती. माणसाच्या छातीएवढी असेल. पण तिची झळ पाठीवर तवा टेकवावा तशी लागत होती. चढावर ती खरोखर धावली. आम्ही जिथं पाचसात पावलं गेलो होतो ती जागा मी डोळ्यांदेखत पेटताना पाहिली. माळाच्या कडेला गवत धरायचं, आम्ही झोडपायचो, परत धरायचं. नसीम झोडपताना मोठमोठ्यानं कलमा म्हणत होती. मी काय म्हणत होते मला माहीत नाही. ती म्हणते, मी तिचं नाव घेत होते.

दहा मिनिटं असतील नाहीतर अर्धा तास. घड्याळ बघायचं सुचलं नाही.

आग माथ्याकडं गेली. चढ काळा पडला आणि धुमसत राहिला. गिरजाबाईंनी आधी मेंढरं मोजली, मग परत मोजली. नऊ कमी होती. आम्ही तिघी गरम राखेतून, बुटांचे तळ चिकटत असताना, शोधत फिरलो. त्यांच्या पायात नुसत्या चपला होत्या. सात मेंढरं एका घळीत दगडांच्या आड जिवंत सापडली, लोकर करपलेली. दोन मेली होती. त्यातली एक गाभण होती. गिरजाबाई तिच्याजवळ बसल्या, तिच्या कानामागची राख पदरानं पुसली आणि उठल्या. रडल्या नाहीत. मला मात्र तिथं उभं राहवेना.

जबाब

तासाभरानं ते वनरक्षक आणि चार मजूर आले. वरची आग जाळरेषेवर, म्हणजे गवत आधीच जाळून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर, अडली होती. आम्हाला पाहून वनरक्षक जागीच थांबले. चेहरा काजळीनं माखलेला, डोळे लाल.

"तुमी? इथं?"

मी काही बोलायच्या आत ते गिरजाबाईंकडं वळले. "कोवळं गवत यावं म्हणून पेटवलं ना? दर साली तुमचं हेच हाय. चल, खाली चल. गुन्हा नोंदवतो आता."

"म्या न्हाई लावली, सायेब. माजीच दोन मेलीत."

"सगळे असंच म्हणतात."

नसीम माझ्याकडं बघत होती. मला कळत होतं, आता गप्प राहिले तर कदाचित निभेल. वाट चुकलो म्हणता येईल. राखीव जंगलात विनापरवाना प्रवेश, तोही आगीच्या दिवसांत आणि तोही शिक्षिकेनं. शाळेला पत्र जाणार, चौकशी होणार. ते गिरजाबाईंच्या हातातली काठी काढून घेऊ लागले तेव्हा कुठं माझ्या तोंडून शब्द फुटले.

"धूर पहिल्यांदा दिसला तेव्हा या आमच्यासोबत जेवत होत्या. साडेनऊ वाजले होते. धूर खालून, शेतांच्या बाजूनं निघाला. त्याआधी जवळजवळ तासभर आम्ही यांच्याजवळच होतो."

"तासभर? नाल्यापलीकडं?"

"हो. वाट चुकलो नाही. बोर्ड वाचून आलो. घरून निघतानाच ठरवलं होतं. नसीमचं मन नव्हतं, मी आणलं."

ते माझ्याकडं बघतच राहिले. रागापेक्षा त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते मला जास्त लागलं. मग त्यांनी आमच्या पिशव्या उघडायला सांगितल्या. नसीमच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात काडीपेटी निघाली. स्टोव्ह चौकीवर ठेवला होता, पण ती तशीच राहून गेली होती. आम्हाला दोघींनाही तिचा पत्ता नव्हता.

"हे काय हाय मग?" ते म्हणाले. त्यांचा आवाज आता अजिबात नरम नव्हता. "च्या केला? का आणखी काय?"

आमचं कोण ऐकणार? मी आत्ताच कबूल केलं होतं की मी खोटा अर्ज दिला.

"त्यांनी काडी लावली न्हाई," गिरजाबाई म्हणाल्या. "माज्या म्होरं होत्या. माजंबी लिहा."

"तुझं कोण विचारायलंय?"

"विचारू नका. मी सांगायलेय, ते लिहा."

वनरक्षकांनी वही काढली. त्या उन्हात, धुमसत्या माळावर, त्यांनी तिघींचे जबाब लिहिले. माझा सगळ्यात लांब झाला.

जिंतूर

पुढं काय झालं ते सांगून टाकते. शाळेला पत्र गेलं. मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला, मी दिला, आणि सहलीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. नवरा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी फ्रिजवरचा कागद त्यानं स्वतः फाडला आणि एवढंच म्हणाला, "मी तुला चुकीच्या जागी शोधलं असतं." नसीमच्या दवाखान्यातही कुजबूज झाली, ती तिनं निभावून नेली. ज्यांना असा बेत करायचाय त्यांना माझं सांगणं आहे, जरूर करा, रान फार सुंदर आहे. पण जिथं जाणार तेच लिहा, आणि मार्चच्या आधी जा.

महिन्यानं आम्हाला वनविभागाच्या जिंतूरच्या कार्यालयात जबाब पक्के करायला बोलावलं. तोवर आगीचा माग लागला होता. खाली एका शेतकऱ्यानं बांधावरचं गवत जाळलं होतं आणि ते हाताबाहेर गेलं होतं, हे त्यानं स्वतःच येऊन सांगितलं. त्याच्यासाठीच गावाचं नाव लिहिलं नाही. गिरजाबाईंवरचा संशय गेला होता. तरी कागद पुरा करायचा होता, म्हणून त्याही आल्या होत्या, धुतलेलं लुगडं नेसून, जीपनं. नवऱ्याकडं मेंढरं सोपवली होती. आल्या आल्या त्यांनी नसीमला सांगितलं की लंगडी मेंढी आता नीट चालते. माझ्या हातावर त्यांच्या काठीच्या वळाचा डाग अजून होता. तो त्यांनी बोटानं दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "लय जोरात लागली काय?"

साहेब वयस्कर होते. त्यांनी आमचे जबाब वाचले, चष्मा वर केला आणि गिरजाबाईंना विचारलं, "या दोघी परवानगी नसताना आल्या. यांच्यामुळं तूही अडचणीत आली असतीस. तरी तू यांच्या बाजूनं जबाब दिला. का? कोण लागतात तुझ्या?"

गिरजाबाईंना प्रश्नच नीट कळला नसावा. त्यांनी आधी साहेबांकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"माजी भाकर खाल्ली त्यांनी," त्या म्हणाल्या. "पावण्या हायेत माज्या."

लिहिणाऱ्यानं पेन थांबवलं. "काय लिहू, साहेब?"

साहेब म्हणाले, "म्हणाली तेच लिही."